वाफ्याची जुनी प्लास्टिकची कड : काढावी कशी, कापावी कशी, टाकावी कुठे?



पेसाह जवळ आला की आपल्या घरांत झाडलोट सुरू होते. कपाटे रिकामी होतात, गाद्या उन्हात पडतात, आणि घरातले आवरून झाले की नजर अंगणाकडे वळते. ज्यांचे घर तळमजल्यावर आहे आणि दारापुढे हातभर बाग आहे, त्यांच्यासाठी हा लेख लिहीत आहे. विषय अगदी साधा आहे. वाफ्यांभोवती वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बसवलेली प्लास्टिकची पट्टी, जिला आपण कड म्हणू, ती आता उखडली आहे, तडकली आहे. तिचे करायचे काय?

हा विषय सुचण्याचे कारण घरचेच आहे. गेल्या वर्षी एका गुरुवारी संध्याकाळी माझी थोरली बहीण कढीपत्ता तोडायला आमच्या अंगणात उतरली. दुसऱ्या दिवशीच्या माशाच्या कालवणासाठी चार पाने हवी होती. वाफ्याची कड एका जागी जमिनीतून बोटभर वर आली होती. ताईची चप्पल तिच्यात अडकली, ती हातावर पडली आणि मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर. ती कड मीच बसवली होती आणि ती वर आलेली मी रोज पाहत होतो. दवाखान्यातून परत येताना ताई एवढेच म्हणाली, "अरे, माझा हात होईल बरा. तू ती पट्टी आधी काढ. उद्या तूच पडशील."

मी काढली खरी, पण घाईत. शुक्रवारी दुपारी, शब्बाथच्या तोंडावर. त्यात तीन चुका झाल्या. तळहात कापला, पाण्याची नळी तोडली, आणि निघालेला सगळा माल झाडांच्या छाटणीच्या ढिगावर टाकला. त्या चुका तुमच्याकडून होऊ नयेत म्हणून पुढचे सगळे क्रमाने लिहितो.

ही कड उखडते का?

आपल्याकडे दोन प्रकारची कड दिसते. पहिली गुंडाळीच्या रूपात मिळते. साधारण दहा ते पंधरा सेंटिमीटर उंच, बहुधा काळी किंवा हिरवी, वरच्या बाजूला बोटाएवढी गोल नळी. ती लोखंडाच्या किंवा प्लास्टिकच्या खुंट्यांनी जमिनीत धरून ठेवतात. दुसरी म्हणजे लाकडाच्या किंवा दगडाच्या नकलेचे तुकडे, जे एकमेकांत अडकवत जायचे. पहिली लवचीक असते, दुसरी ताठ. कापताना हा फरक महत्त्वाचा आहे.

प्लास्टिक हे लांब लांब साखळ्यांसारख्या रेणूंचे बनलेले असते. उन्हातले अतिनील किरण या साखळ्या हळूहळू तोडतात. मग प्लास्टिक फिके पडते, त्यावर पांढुरकी भुकटी येते आणि शेवटी ते बिस्किटासारखे तुटते. काळ्या प्लास्टिकमध्ये काजळी मिसळलेली असते आणि ती हे किरण अडवते, म्हणून काळी कड इतर रंगांपेक्षा जास्त टिकते. पण नेगेवच्या उन्हापुढे तीही कायमची टिकत नाही. शिवाय प्लास्टिक उन्हात पसरते आणि रात्री आकसते. रोजच्या या पसरण्या-आकसण्याने खुंट्या सैल होतात. खालून झाडांची मुळे रेटतात. पट्टी वर येते.

बोटभर वर आलेली कड उंच पायरीपेक्षा वाईट असते, कारण पायरी डोळ्यांना दिसते आणि ही दिसत नाही. आपल्या वयात पाय फारसा उचलला जात नाही, संध्याकाळी नजर कमी पडते, आणि पडलो तर हाड लवकर मोडते. म्हणून "अजून दोन वर्षे चालेल" असे म्हणू नका. जिथे तुम्ही चालता तिथली कड सैल झाली असेल तर ती काढा.

काढण्याआधी

दिवस सावकाश निवडा. शुक्रवार नको आणि शारावचा दिवसही नको. सकाळी ऊन चढण्याआधी काम करा. आदल्या संध्याकाळी वाफ्याला पाणी घातले असेल किंवा पाऊस पडून गेला असेल तर माती मऊ असते आणि निम्मे कष्ट वाचतात. सगळी बाग एका दिवसात व्हायलाच हवी असे नाही. एका दिवशी एक वाफा पुरे.

पाण्याचा मुख्य नळ आणि बागेला आपोआप पाणी सोडणारे यंत्र बंद करा. थेंबथेंब पाणी देणारी नळी पुष्कळदा कडेला लागूनच पुरलेली असते. दोन्ही काळ्या, दोन्ही मातीने माखलेल्या, हाताला सारख्याच लागतात. मी ती कड समजून कापली आणि शब्बाथ संपेपर्यंत झाडांना पाणी नव्हते. नळी कुठून जाते ते आधी शोधा आणि जागोजागी रंगीत चिंधी बांधा.

पायांत बंद बूट, हातांत जाड कातडी हातमोजे, लांब बाह्यांचा सदरा आणि डोळ्यांवर चष्मा. वाचायच्या चष्म्याने भागत नाही. बाजूनेही झाकलेला, कामाचा स्वस्त चष्मा हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. जुने प्लास्टिक कापताना तुकडा गोळीसारखा उडतो.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. कडेच्या मागे गारवा असतो, ओल असते, अंधार असतो. विंचवाला आणि कोळ्याला तेच आवडते. नेगेवमध्ये पिवळा विंचू आहे आणि त्याचा डंख साधा नाही. मध्य आणि उत्तर भागात त्सेफा नावाचा विषारी साप अंगणापर्यंत येतो. म्हणून कडेखाली कधीही आधी हात घालू नका. लांब काठीने किंवा कुदळीने, म्हणजे इथल्या तूरियाने, पट्टी लांबूनच हलवा, आपटा, थोडे थांबा. साप दिसला तर त्याला मारायला जाऊ नका. मागे सरा, त्याच्यावर दुरून नजर ठेवा आणि साप पकडणाऱ्याला बोलवा. डंख झालाच तर जखमेला चीर देऊ नये, विष तोंडाने ओढू नये, करकचून दोरी बांधू नये. कोकणात लहानपणी आपण हे सगळे उपाय पाहिले आहेत, पण त्यांनी अपायच होतो. माणसाला स्वस्थ बसवा, डंख झालेला हात किंवा पाय हलू देऊ नका, अंगठी-बांगड्या काढा आणि लगेच १०१ या क्रमांकावर मागेन दाविदला फोन करा.

एकट्याने काम करू नका. निदान घरात कुणीतरी असावे आणि फोन खिशात असावा.

कड उपटताना

आधी खुंट्या, मग पट्टी. माझी पहिली चूक इथेच झाली. मी पट्टीचे टोक धरून ओढले. सडलेली पट्टी मध्येच तुटली आणि तिची धार हातात घुसली. मी रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेतो, त्यामुळे एवढ्याशा जखमेचे रक्त अर्धा तास थांबेना. तुमच्यापैकी पुष्कळ जण ही गोळी घेत असतील. तुम्हालाही थोड्या जखमेने जास्त रक्त येऊ शकते. असे झाले तर स्वच्छ फडके जखमेवर घट्ट दाबून धरा आणि हात छातीच्या वर ठेवा. दर मिनिटाला उचलून पाहू नका. तरीही थांबले नाही तर डॉक्टर. मातीत गंजलेल्या लोखंडाने जखम झाली असेल तर धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली होती हे कुपत खोलिममध्ये विचारा.

बरोबर रीत अशी. कडेच्या दोन्ही बाजूंची माती तूरियाने चार बोटे मोकळी करा. प्रत्येक खुंटी पक्कडीत धरून थोडी डावी-उजवीकडे फिरवा आणि सरळ वर ओढा. निघालेल्या खुंट्या डब्यात टाका आणि मोजा. पट्टीत जितकी भोके तितक्या खुंट्या हव्यात. एखादी राहिली तर पुढच्या वर्षी ती कुणा नातवंडाच्या पायात जाईल. मग पट्टी थोडी थोडी वर उचलत जा. एखाद्या जागी हटली नाही तर जोर लावू नका. तिथे मूळ अडकले असेल. माती अजून उकरा किंवा तिथेच पट्टी कापून तिचे दोन भाग करा.

सारखे वाकू नका. बुटक्या स्टुलावर बसून काम करा आणि उठताना हळू उठा. रक्तदाबाच्या गोळ्यांनी एकदम उठल्यावर चक्कर येते.

निघालेली पट्टी दोन दिवस उन्हात पसरून ठेवा. ओली माती धुऊन काढायला पाणी फार लागते. वाळली की झाडूने दोनदा मारले तरी गळून पडते. ही माती वाफ्याचीच आहे, तिथेच परत घाला. माती काढण्याचे आणखी एक कारण म्हणजे तिच्यातली वाळू कात्रीची धार घालवते.

कापणे

लवचीक पट्टीला आपल्या जुन्या गुंडाळीची सवय विसरता येत नाही. कापली की ती फटकन उसळते आणि तोंडावर येते. म्हणून कापण्याआधी दोन्ही टोके सुतळीने बांधा किंवा एक टोक जड दगडाखाली दाबा. पट्टी दोन गुडघ्यांत धरून कधीही कापू नका.

जमिनीवर जुनी चादर अंथरा. कापताना पडणारा प्रत्येक कण तिच्यावर पडला पाहिजे. मातीत मिसळलेला प्लास्टिकचा चुरा पुन्हा वेचता येत नाही. ऊन-वाऱ्याने तो आणखी बारीक होतो आणि मातीतच राहतो.

हत्यार कोणते घ्यावे?

पातळ लवचीक पट्टीला झाडे छाटायची मोठी कात्री, जिला इथे मज्मेरा म्हणतात, ती पुरते. लांब दांड्याची मिळाली तर उत्तम. दोन्ही हातांनी धरता येते आणि संधिवाताच्या बोटांवर ताण कमी येतो. पण गुलाबाची चांगली कात्री यात वाया घालवू नका, जुनी वापरा. पत्रा कापायची कात्रीही चालते.

वरची गोल नळी जाड असते. ती आधी आडवी दाबून चपटी करा, मग कापा. नळीत पुष्कळदा माती आणि मुंग्यांची घरे असतात. कापलेला तुकडा उभा धरून झटका.

ताठ तुकड्यांना हॅकसॉ लागते. फार बारीक दातांचे पाते घेऊ नका, त्यात प्लास्टिक भरून बसते. करवत सावकाश चालवा. जोरात चालवली तर घासण्याने प्लास्टिक तापते, वितळते आणि पाते धरून ठेवते. आपल्या घरी सकीन यापानीत, म्हणजे पात्याचा कटर असतो. तो वापरायचा तर एका दमात आरपार कापू नका. पट्टी फळीवर ठेवा, एकाच रेघेवर दोन-तीनदा हलके ओरखडे द्या आणि मग हातमोजे घालून वाकवून तोडा. पाते नेहमी अंगापासून दूर जाणारे असावे.

विजेवर फिरणारा ग्राइंडर मात्र वापरू नका. तो प्लास्टिक वितळवून गरम थेंब उडवतो आणि बारीक धूळ छातीत जाते.

जी कड हाताच्या दाबानेच तुटते, ती कापायची गरजच नाही. जाड गोणीत घाला, तोंड बांधा आणि वरून पायाने दाबून मोडा. उडणारे तुकडे गोणीतच राहतात. तोल जाऊ नये म्हणून भिंतीला हात लावून उभे राहा.

तुकडे अर्धा मीटर लांबीचे करा. तेवढे गोणीत मावतात, उचलायला हलके असतात आणि गोणीबाहेर टोके येत नाहीत. दहा-बारा तुकड्यांची जुडी सुतळीने बांधा. जुडी इतकीच मोठी करा की तुम्ही ती एका हाताने उचलू शकाल.

कोणते प्लास्टिक आहे ते कसे ओळखावे?

पट्टीच्या आतल्या बाजूला कधी कधी बाणांचा त्रिकोण आणि त्यात आकडा असतो. २ म्हणजे पॉलिथिलीन, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ३ म्हणजे पीव्हीसी. आकडा झिजला असेल तर घरगुती परीक्षा आहे. एक छोटा स्वच्छ तुकडा पाण्याच्या बादलीत टाका, पाण्यात साबणाचा एक थेंब घाला आणि तुकड्याला चिकटलेले बुडबुडे बोटाने काढा. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलके असल्याने तरंगतात, पीव्हीसी बुडते. ही परीक्षा अगदी पक्की नाही, कारण कारखान्यात भुकटी मिसळली असेल तर हलके प्लास्टिकही बुडते. पण बुडणारा तुकडा पीव्हीसी असू शकतो एवढे समजून वागावे. प्लास्टिक घेणाऱ्या केंद्रात नेणार असाल तर हे दोन गट वेगळे ठेवा.

टाकायचे कुठे?

इथे माझी तिसरी चूक सांगतो. आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर गेझेमचा, म्हणजे झाडांच्या छाटणीचा ढीग असतो. मी विचार केला, बागेतूनच निघाले आहे, म्हणजे बागेच्या ढिगावरच जायचे. गाडी आली, ढीग पाहिला आणि तशीच निघून गेली. सगळ्या गल्लीच्या फांद्या आठवडाभर तिथेच पडून राहिल्या. शेजारच्या मोरोक्कन आजोबांनी मला दारात बोलावून शांतपणे समजावले. मग आम्ही दोघांनी मिळून ढिगातली एकेक पट्टी वेचली.

त्यांनी सांगितले ते बरोबरच होते. गेझेम यंत्रात दळतात आणि त्याचा भुगा किंवा खत करून पुन्हा मातीत घालतात. त्यात पट्टी गेली तर तिचेही हजार तुकडे होतात आणि ते खताबरोबर कुणाच्या तरी शेतात, बागेत, कदाचित आपल्याच वाफ्यात येतात. बागेतून निघालेली प्रत्येक वस्तू गेझेम नसते. झाडापासून आलेली तेवढीच गेझेम.

मग केशरी डबा? तोही नाही. देशात २०११ साली वेष्टनांचा कायदा झाला आणि केशरी डबे त्याच कायद्यातून आले. ते फक्त वेष्टनांसाठी आहेत, जसे शाम्पूची बाटली, दह्याचा डबा, खाऊच्या पिशव्या. बागेची कड प्लास्टिकची असली तरी वेष्टन नाही. शिवाय लांब पट्ट्या कचरा निवडण्याच्या यंत्राच्या फिरत्या दांड्यांना वेटोळे घालतात आणि यंत्र बंद पडते.

योग्य वाटा अशा आहेत.

थोडा माल असेल, एखाद-दुसऱ्या गोणीइतका, तर तुकडे करून बांधलेली गोणी घरच्या साध्या कचऱ्याच्या डब्यात टाका. गोणीबाहेर धारदार टोक नसावे. ती उचलणाऱ्या माणसालाही हात आहेत.

जास्त माल असेल तर तो गरुताओतमध्ये, म्हणजे मोठ्या जुन्या सामानात जातो. इरियाच्या १०६ क्रमांकाच्या मोकेदला फोन करा. प्रत्येक गावाचा दिवस आणि नियम वेगळा असतो, म्हणून शेजाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका. फोनवर तीन गोष्टी विचारा: कोणत्या दिवशी बाहेर ठेवायचे, कुठे ठेवायचे, आणि गेझेमपासून किती लांब. पुष्कळ गावांत पेसाहच्या आधी जुन्या सामानासाठी जादा फेऱ्या असतात, त्याही विचारा. हिब्रू बोलायला अडचण वाटत असेल तर एवढे वाक्य पुरे: "येश ली प्लास्टिक मे हा गिना, लो गेझेम. एफो लासीम?" म्हणजे माझ्याकडे बागेतले प्लास्टिक आहे, गेझेम नाही, कुठे ठेवू? माल आदल्या संध्याकाळीच बाहेर ठेवा आणि पायवाट मोकळी सोडा. आपण कड काढली ती कुणी पडू नये म्हणून. तीच जुडी फुटपाथवर आडवी टाकली तर काय मिळवले?

तुमच्या गावात मिख्झूरचे केंद्र असेल आणि ते असे कडक प्लास्टिक घेत असेल तर सगळ्यांत उत्तम. तेही मोकेदवर विचारता येते. तिथे स्वच्छ आणि प्रकाराप्रमाणे वेगळा केलेला मालच उपयोगी पडतो.

लोखंडी खुंट्या वेगळ्या ठेवा. "अल्ते झाखेन" ओरडत गाडी फिरवणारा भंगारवाला त्या आनंदाने नेतो. लोखंड वितळवून पुन्हा लोखंड होते. प्लास्टिकबरोबर ते पुरण्यात शहाणपण नाही.

टाकण्याआधी जी पट्टी अजून शाबूत आहे ती बाजूला काढा. एखाद्या शेजाऱ्याला किंवा शाळेच्या बागेला चालेल. फिक्या रंगाच्या सपाट तुकड्यांच्या बोटभर रुंद पट्ट्या कापल्या तर रोपांच्या नावांच्या पाट्या होतात. त्यांवर पेनाने लिहू नका, शिसपेन्सिलीने लिहा. पेनाची शाई उन्हात उडते, शिसे टिकते. माझ्या वाफ्यात आता "गवती चहा", "अळू", "कढीपत्ता" अशा मराठी पाट्या आहेत आणि नातवंडे त्या वाचायचा प्रयत्न करतात.

रिकाम्या प्लॉटवर किंवा वादीत मात्र नेऊन टाकू नका. १९८४ च्या स्वच्छता राखण्याच्या कायद्याने तो गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी पहिल्या पुरात ते सगळे वाहत जाते. तेल अवीवजवळ हिरिया येथे १९५२ ते १९९८ पर्यंत कचरा टाकला गेला आणि त्याचा सुमारे साठ मीटर उंच डोंगर झाला. तो बंद झाल्यावर मध्य भागातला पुष्कळ कचरा ट्रकांतून नेगेवमध्ये पुरायला येऊ लागला. म्हणजे आपण जे टाकतो ते नाहीसे होत नाही. ते कुणाच्या तरी गावाजवळ जाते, आणि आपल्यातल्या पुष्कळांचे गाव तेच आहे.

जाळू नका

हे वेगळे लिहावे लागते, कारण आपल्या हाताला सवय आहे. कोकणात झाडून काढलेला पातेरा परसात पेटवायचा, ही रोजची गोष्ट होती. पावसाआधी शेतात भाजावळ होई आणि सगळा गाव धुरात असे. त्यात फक्त पाने, गवत, शेण होते. आजही आपल्यातल्या एखाद्याला वाटते की कोपऱ्यात काडी लावली की काम झाले.

पाने जळतात तशी ही पट्टी जळत नाही. पीव्हीसी जळाली की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, जो डोळ्यांना आणि श्वासनलिकेला भाजतो, आणि डायॉक्सिन नावाची विषे तयार होतात. ती राखेत आणि मातीत वर्षानुवर्षे राहतात. त्या मातीत कोंबड्या चरल्या तर अंड्यांत उतरतात. पॉलिथिलीन जळताना काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि पेटते थेंब गळतात. असा थेंब कातडीला चिकटला तर पुसता येत नाही. दम्याच्या किंवा हृदयाच्या रुग्णाला हा धूर थोडासुद्धा नको. आपल्या वयात आपल्यापैकी निम्मे लोक त्याच यादीत असतील. उघड्यावर कचरा जाळायला बंदीही आहे, पण बंदी नसती तरी जाळू नये.

मग वाफ्याला कड कसली?

कड काढल्यावर पहिला प्रश्न हाच येतो. माझे उत्तर असे की आधी काही महिने काहीच लावू नका. पुष्कळ वाफ्यांना कडेची गरज नसते. गवत वाफ्यात शिरत असेल तर फावड्याने तळहाताएवढा खोल, सरळ चर मारा आणि वर्षातून दोनदा तो साफ करा. तेवढ्याने काम भागते.

कड हवीच असेल तर दगड लावा. लहानपणी रेवदंड्याला आमच्या अंगणात आई जांभ्या दगडाचे तुकडे अर्धे जमिनीत पुरून ओळीने लावायची आणि सणाला त्यांना चुन्याचा हात द्यायची. तो पांढरा रंग दिव्याच्या उजेडातही दिसत असे. त्यामागचे शहाणपण मला आता कळते. कड असेल तर ती दिसली पाहिजे. इथे जांभा नाही, पण फिका दगड किंवा सिमेंटचे ठोकळे मिळतात. दगड सैल मांडू नका, त्यांच्याखालीही विंचू बसतो. निम्मा भाग मातीत घट्ट पुरा. जिथे तुम्ही चालता त्या बाजूला मात्र कड जमिनीच्या पातळीतच ठेवा, म्हणजे पायाला काही लागणारच नाही.

आणि हे सगळे काम स्वतःच केले पाहिजे असा हट्ट धरू नका. खुंट्या मोजणे, पट्ट्या वेगळ्या करणे, मोकेदला फोन करणे हे आपण करू. उपटणे आणि कापणे नातवाला सांगू. तो एका सकाळीत करून टाकतो आणि त्याला न्याहारीला गरम घावन आणि चहा दिला की खूशही होतो. मागायला संकोच वाटतो हे खरे आहे. मलाही वाटला होता, म्हणूनच हात कापला.

ताईचे मनगट आता बरे आहे. मूठ पूर्ण वळत नाही, पण कढीपत्ता तोडता येतो. परवा ती पुन्हा अंगणात आली, वाफ्याच्या कडेने एकदा पाय फिरवून पाहिला आणि म्हणाली, "आता ठीक आहे." तुमच्या अंगणातही आज एक चक्कर मारा. काठीच्या टोकाने कड हलवून पाहा. हलली तर पुढच्या आठवड्यातला एक सावकाश दिवस तिच्यासाठी ठेवा.